मी हमामात्सूत, गाडी उद्यमनगरात

मामाची होंडा सिटी व्हीटेक, २००२ चं पासिंग, एमएच-०९. २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५६ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा नागाळा पार्कातल्या पार्किंगमध्ये ही गाडी सीटच्या गादीपर्यंत पाण्यात होती. ती परत रस्त्यावर आणायचं काम मी जपानमधून केलं. २०२३ च्या जानेवारीत सुरुवात झाली आणि २०२५ च्या मार्चमध्ये नवी नंबरप्लेट बसली. परदेशात राहून गावाकडची जुनी गाडी उभी करायची स्वप्नं बघणारे बरेच जण मला ओळखीतच सापडले, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी गाडीबद्दल. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घालायला मी तयार आहे. २००० साली आलेल्या या १.५ व्हीटेकची ताकद १०६ अश्वशक्ती होती. त्या काळात आपल्याकडच्या एवढ्याशा सेदानला एवढी ताकद म्हणजे चैन होती. २००३ मध्ये नवं मॉडेल आलं आणि ही बंद झाली. गंमत अशी की जपानमध्ये ही गाडी कुणाला माहीतच नाही. मी राहतो ते हमामात्सू म्हणजे कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांचं जन्मगाव, पण कारखान्यातल्या सहकाऱ्यांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, 'ही कुठली सिविक?' त्यांच्या लेखी होंडा सिटी म्हणजे १९८१ ची ती उभट, छोटी हॅचबॅक. आपली सिटी होंडाने आशियाई बाजारासाठी काढली, १९९६ मध्ये पहिल्यांदा थायलंडमध्ये. त्यामुळे 'तू जपानला आहेस, पार्ट काय तिथं ढिगानं मिळत असतील' हे मामाचं वाक्य निम्मंच खरं निघालं. इंजिन डी-१५ जातीचं, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या सिविकच्या घराण्यातलं. ते सामान जपानमध्ये मिळतं. दिवे, काचेची रबरं, बंपर मात्र बँकॉकहून किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून.

पुरानंतर गाडी दीड वर्ष तशीच उभी होती. एक गोष्ट चांगली झाली: बॅटरी आधीच उतरलेली असल्यामुळे पाणी उतरल्यावर कुणी चावी फिरवून बघितली नाही. पुरात बुडालेली गाडी कधीही स्टार्ट करून बघू नका, ढकलून तर नाहीच. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचं बिल दुप्पट होतं.

२०२३ च्या जानेवारीत सुट्टीवर आलो आणि आधी पुण्यातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपला फोटो पाठवले. त्यांनी साडेनऊ लाखांचं कोटेशन पाठवलं आणि वर 'काम सुरू झाल्यावर वाढू शकतं' अशी ओळ. मग मामाच मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याच्या जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, तिच्या टोकावरचं दुधी तेल बोटांत चोळलं, आणि पहिला नियम सांगून टाकला.

'भाचेराव, पैसं तुमचं, गाडी मामाची, पन इंजनाला हात माझा. फोनवरनं शिकवायचं न्हाई.'

मी म्हटलं, 'शिकवत नाही. फक्त जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी मला दाखवा.'

'ते दाखवतो की. त्याला काय पैसं पडत्यात?'

एवढ्या एका करारावर सगळं काम झालं. परदेशातून काम करून घेताना रोज फोन करून काही उपयोग नसतो, समोरचा माणूस वैतागतो. पण लांबी (म्हणजे पुट्टी) भरायच्या आधीचा पत्रा, हेड बसवायच्या आधीचा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), गालिचा टाकायच्या आधीचा फ्लोअर, एवढे टप्पे ठरवून घेतले की बाकी झोपायला मोकळे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. मिस्त्री रात्री साडेआठला हात धुवून मोकळे व्हायचे, तेव्हा माझ्याकडे बारा वाजलेले असायचे. फोन यायचा तो तेव्हाच.

इंजिन खोलायच्या आधी मी कागदांना हात घातला आणि हा क्रम कुणीही बदलू नये असं माझं ठाम मत आहे. रंग लावून चकाचक झालेली गाडी कागदांअभावी शेडमध्ये पडून राहिली तर दुरुस्तीला काय अर्थ? मामाच्या आरसीत दोन दुखणी होती. पंधरा वर्षांनंतर २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी केलेलं नूतनीकरण २०२२ च्या मेमध्ये संपलं होतं. आणि २००२ मध्ये घेतलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता! कर्ज २००७ मध्ये फिटलं होतं. मामाने शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले आणि विषय संपला असं समजला. बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेची सही-शिक्का आणि सोबत ना-हरकत पत्र. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, जुनी शाखा बंद, आणि नव्या बँकेच्या संगणकात २००७ चं खातं दिसेना. शेवटी मामाकडचं जुनं पासबुक कामाला आलं. त्यात 'खाते बंद' असा शिक्का होता. त्याची झेरॉक्स, अर्ज, मग मुख्य कार्यालयाकडे पत्र, मग वाट. फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाचं पत्र ऑगस्टमध्ये हातात आलं. तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची आरसी आज काढून बघा. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा बऱ्याचदा तसाच राहिलेला असतो.

दुसरा निर्णय गाडी कुणाच्या नावावर करायची याचा. माझ्या नावावर करायची म्हटलं तर मुखत्यारपत्र करा, तोक्योच्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्या, ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा, आणि शिवाय प्रत्येक ओटीपी माझ्या इथल्या कामाच्या वेळी. त्यापेक्षा गाडी आईच्या नावावर करायचं ठरलं. आई कोल्हापुरात राहते, आधारला जोडलेला मोबाइल तिच्या हातात असतो. 'मला गाडी चालवता येत नाही आणि माझ्या नावावर रेसिंगची गाडी,' असं ती सगळ्यांना सांगत सुटली, पण सह्या मात्र तिने एकदाही लांबवल्या नाहीत.

इकडे इंजिन उघडलं. हेड काढल्यावर चारपैकी तीन सिलिंडर बऱ्यापैकी, आणि तिसऱ्याच्या भिंतीवर गंजाचे खड्डे. मिस्त्रींनी कारण लगेच सांगितलं: गाडी बंद होताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यातच सायलेन्सरमधून पाणी चढलं. पिस्टनच्या रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या. होनिंगने (भिंत नुसती घासून) भागणार नव्हतं, रीबोअर करणं, म्हणजे भोक कापून मोठं करणं भाग होतं. मूळ बोअर ७५ मिलिमीटर. खड्डे निघून जातील एवढंच कापायचं, म्हणून पाव मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन घ्यायचे ठरले. पिस्टन आधी आणायचे आणि ते मोजूनच बोअर कापायचा, यावर मिस्त्री अडून बसले. पिस्टन यायला सहा आठवडे लागले, तोवर ब्लॉक तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत.

रीबोअरचा दिवस मला लक्षात आहे. उद्यमनगरातलं ते दुकान जेमतेम दहा बाय पंधराचं, भिंतीला ग्राइंडिंगची धूळ, आणि त्यात एक जुनं बोअरिंग मशीन. मशीनवाल्या काकांनी फोन एका बादलीला टेकवून ठेवला आणि बोअर गेज सिलिंडरमध्ये सोडलं. वर, मध्ये, खाली, मग नव्वद अंशात फिरवून पुन्हा तसंच. प्रत्येक वेळी डायलवरचा काटा मला दिसेल असा फोन सरकवायचे. काटा एकेका शतांशाने हलत होता. मी कारखान्यात हेच काम वातानुकूलित खोलीत, महागड्या यंत्रावर होताना बघतो. काकांनी आकडे खडूने मशीनच्या अंगावरच लिहिले आणि विचारलं, 'जपानला चालतंय का एवढं?' चालतंय की! होनिंगनंतरची तिरकी जाळी त्यांनी टॉर्च मारून दाखवली, तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

हेडमध्ये वेगळाच त्रास होता. व्हीटेकच्या रॉकर आर्ममध्ये छोट्या पिना असतात. वरच्या आरपीएमला तेलाच्या दाबाने त्या सरकतात, रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा कॅम कामाला लागतो, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतात. पुराचा गाळ त्या तेलाच्या बारीक वाटांत जाऊन वाळला होता. नुसतं डिझेलने धुऊन तो निघाला नसता. मिस्त्रींच्या पोराने गिटारची तार घालून एकेक भोक साफ केलं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टेन्शनर, सगळी ऑइल सील आणि सोलेनॉइडच्या खालची जाळीची गॅस्केट नवीच टाकली. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुनी गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाच्या 'आत्ताच बदललाय' या वाक्यावर विसंबू नका.

जपानमधून मी काय पाठवलं? थोडंच. भंगार गाड्यांच्या यार्डातून एका सिविकचा मेन रिले आणि डिस्ट्रिब्युटर, अप गॅरेज या वापरलेल्या सामानाच्या दुकानातून जुनं पण सुस्थितीतलं लाकडी गिअर नॉब, आणि नवे प्लग, प्लगच्या वायरी, थर्मोस्टॅट. मेन रिलेबद्दल (पेट्रोल पंपाला वीज देणारा डबा) सांगायलाच हवं, कारण त्या काळातल्या होंडांचं हे ठरलेलं दुखणं आहे. उन्हात उभी केली की गाडी स्टार्ट होत नाही, गार झाली की होते. लोक पंप बदलतात, प्लग बदलतात. बऱ्याचदा दोष रिलेमधल्या सोल्डरला गेलेल्या बारीक तड्यांचा असतो. डॅशबोर्डखालचा तो डबा काढून पुन्हा सोल्डर मारलं की दहा-वीस रुपयांत काम होतं.

सामान सुट्टीला येताना बॅगेतून आणणं सगळ्यात स्वस्त. मात्र वापरलेला पेट्रोल पंप, इंजेक्टर, कार्ब्युरेटर असं इंधन लागलेलं काहीही विमानात चालत नाही. प्रत्येक वस्तूची पावती प्रिंट काढून सोबत ठेवा. मुंबईला कस्टमवाल्यांनी डिस्ट्रिब्युटर हातात घेऊन दोन मिनिटं उलटसुलट पाहिलं, येनमधल्या पावत्या पाहिल्या आणि जाऊ दिलं. बँकॉकहून पोस्टाने मागवलेली रबरं मात्र मुंबईत अडकली. केवायसीची कागदं आईच्या नावाने, पार्सल माझ्या नावाने. पार्सल ज्याच्या नावाने येतं त्याचीच कागदं लागतात. सुटायला पाच आठवडे गेले, वर ड्युटी.

पत्र्याचं काम मुद्दाम पावसाळा संपल्यावर घेतलं. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंग मारू नका, पेंटर कितीही म्हणाला तरी. डेंटरने गालिचा उचलला तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हाताने मोडत होता. कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, त्याचे फोटो आले, मग लांबी. लांबी किती जाड आहे हे बघायला मिस्त्रींची एक युक्ती: फ्रिजवरचं चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे पकडत नाही तिथे लांबीच लांबी. त्यांनी ते पेंटरच्या समोरच करून दाखवलं आणि मागचा डावा फेंडर पुन्हा उघडायला लावला. त्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद होतं, निरोप माझ्यामार्फत, जपानमार्गे.

पेंटरला आणखी एक गोष्ट बजावून सांगा. चॅसी नंबर जिथे कोरलेला असतो तिथे रंगाचे थर चढू देऊ नका. पासिंगला इन्स्पेक्टर त्या नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. रंगाने खाचा बुजल्या तर छाप उमटत नाही आणि मग नसत्या शंका सुरू होतात. आमच्या पेंटरने तिथे ग्रीस लावून टेप चिकटवली होती, ती त्याची स्वतःची अक्कल.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्यात सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. प्रत्येक कनेक्टर हिरवा पडलेला. वायरमनने पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) जमिनीवर पसरून एकेक पिन साफ केली. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, गेलेलाच होता, तो कुर्ल्याहून आणला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये गाडी स्वतःच्या चाकांवर पासिंगला गेली. फॉर्म २५, नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये, आणि मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याला ५०० याप्रमाणे विलंब शुल्क: आमचे ११,५००. पर्यावरण कर वेगळा, आणि त्याआधी पीयूसी आणि विमा. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० झालं आहे, तेव्हा ज्यांची मुदत संपत आलीय त्यांनी हिशोब तसा धरा. नूतनीकरण झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आईच्या नावावर. मधे ७ मे चं लोकसभेचं मतदान आलं, सगळीकडे निवडणुकीची धामधूम, त्यामुळे नवी आरसी जूनअखेर घरी आली.

मॉडिफिकेशन मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कागद हातात आल्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. दंड एका फेरफाराला ५,००० रुपयांपर्यंत, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. त्यामुळे टर्बो, दुसरं इंजिन, फटाके फोडणारा सायलेन्सर हे सगळं यादीतून गेलं. सायलेन्सर गेल्याचं मला दुःख नाही. शेजाऱ्यांना झोपेतून उठवण्यात कसला स्पोर्ट आलाय?

जे केलं ते हाताला आणि कमरेला कळतं, डोळ्याला दिसत नाही. कंपनीच्याच मापाचे चांगले टायर. नवे शॉक ॲब्सॉर्बर. चांगले ब्रेक पॅड. आणि गिअर. या गाडीची गिअर लिंकेज झिजली की दुसरा आणि चौथा शोधत बसावं लागतं. २०२४ च्या दिवाळीत मी घरी होतो, तेव्हा लेथवाल्याकडे स्टूल टाकून बसलो. जुनी बुश इतकी झिजलेली की भोक लंबगोल झालेलं. त्याने नायलॉनच्या दांड्यातून नव्या बुश कातल्या. पांढऱ्या चकत्या पायाशी पडत होत्या आणि तो दर दोन मिनिटांनी व्हर्नियर लावत होता. मग गिअरचा दांडा. दांडा खिळीच्या खाली जेवढा लांब, तेवढा वरचा हात कमी हलवावा लागतो, पण जोर जास्त लागतो. मला वीस मिलिमीटर वाढवून हवे होते. मिस्त्री म्हणाले, 'बारा. तुमची आई कधी शिकली चालवायला तर हात दुखंल तिचा.' ईएन-८ पोलादाचा दांडा बारानेच वाढवून झाला. सगळ्या बुशा आणि दांडा मिळून खर्च १,८०० रुपये. जपानमध्ये याच कामाचं तयार किट घेतलं असतं तर बॉक्सचेच तेवढे लागले असते.

पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या वळणांवर पहिल्यांदा तिसऱ्यातून दुसरा टाकला, तो खट्कन बसला. पाच हजारांच्या पुढे आवाज बदलला तेव्हा शेजारी बसलेला मामा एवढंच म्हणाला, 'हां. हीच ती.' मिस्त्री मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. खाली उतरल्यावर म्हणाले, 'उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय.' ते दुसऱ्या दिवशी बदललं.

खर्चाचा हिशोब विचारतात म्हणून: इंजिन सुमारे ९२ हजार, बॉडी आणि रंग सव्वा लाख, वायरिंग ४० हजार, चाकं-ब्रेक-सस्पेन्शन ८५ हजार, कागदपत्रं २८ हजार, जपानहून आणलेलं सामान ३४ हजारांच्या आसपास. चार लाखांच्या थोडं वर. पुण्याच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी, पण एवढ्या पैशांत चांगली सेकंडहँड गाडी आली असती, हे मामाचं म्हणणं हिशोबाने बरोबर आहे.

शेवटचं काम उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, ऑनलाइन बुकिंग. आरसीवरचा मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर ओटीपी भलत्याच माणसाला जातो. मार्चमध्ये आईने रिक्षा करून केंद्र शोधून काढलं, मामा गाडी घेऊन मागोमाग गेला, अर्ध्या तासात प्लेट लागली.

एसी अजून बंद आहे. कॉम्प्रेसर जाम झालाय, कंडेन्सर फुटलाय, आणि मिस्त्री म्हणतात की पुढच्या उन्हाळ्याच्या आत बघू. बँकॉकच्या एका विक्रेत्याकडे कंडेन्सर आहे. या वेळी पार्सल आईच्याच नावाने मागवलंय.